रिकाम्या पोटाच्या वेळा

टेबलावर औषधाच्या चार बाटल्या होत्या. दोन रिकाम्या, तिसरीत साठ मिली, चौथीचं झाकण अजून उघडलेलं नव्हतं. शेजारी फिटच्या गोळ्यांच्या सहा पट्ट्या: तीन संपलेल्या, एकीत चार गोळ्या, दोन भरलेल्या. आणि एका कागदी पुडीत गुडघ्याच्या दुखण्याच्या गोळ्या, दहाच्या दहा. डॉक्टरांनी बंद केल्यापासून अठरा दिवसांत त्यांना हात लागलेला नव्हता.

लेकीने तिसऱ्या बाटलीतलं पांढरं औषध पुन्हा एकदा मापपात्रात ओतून पाहिलं, परत बाटलीत घातलं आणि वहीत लिहिलं. दिवसाला तीस मिली, अठरा दिवस, पाचशे चाळीस. दिवसाला दोन गोळ्या, छत्तीस. एक थेंब इकडे नाही की एक गोळी तिकडे नाही.

"झाली मोजदाद?" बाबा दारात उभे राहून केस पुसत होते. "निघाला का बाप चोर?"

"नाही निघालात."

"मग तोंड का पाडलंयस?"

"चोर निघाला असतात तर बरं झालं असतं. कारण तरी सापडलं असतं."

बाबा हसले, पण हसता हसता त्यांचा हात पोटाकडे गेला. बरगड्यांच्या खाली, मधोमध. तिथे हात गेला की ती घड्याळात बघायची आणि वेळ लिहून ठेवायची. आज सकाळपासूनची ही चौथी वेळ होती.

शहराच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत ती दोन वर्षं नोकरीला होती. गल्लोगल्लीच्या नळांचं पाणी बाटल्या भरून यायचं, ती मोजायची आणि खाली सही करायची: योग्य, अयोग्य. घरीही तिचं तेच चालायचं. दूध किती वेळात उतू जातं इथपासून पायऱ्या किती आहेत इथपर्यंत सगळं तिला पाठ. बाबा तिला मीटर म्हणत. "आमचं मीटर आलं, आता खोटं बोलायची सोय नाही," असं शेजाऱ्यांना सांगत, आणि सांगताना त्यांचा ऊर भरून येई.

बाबा स्वतः आचारी. वायरी बनवणाऱ्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये सव्वीस वर्षं ते मुख्य भट्टीवर उभे होते. रोज तीनशे वीस पानं. स्वयंपाकघरात त्यांना सगळे उस्ताद म्हणत. दहा दहा तास उभं राहून गुडघे गेले, गुडघ्यांसाठी गोळ्या आल्या, त्या गोळ्या उपाशीपोटी घेऊन पोटात जखम झाली. दुर्बिणीच्या तपासणीत दिसली तेव्हा ती बारा मिलिमीटरची होती.

पोटाच्या डॉक्टरीण बाईंनी तेव्हाच नीट समजावलं होतं. "हे औषध पोटात जाऊन जखमेवर लेपासारखं बसतं. पण पोटात अन्न असलं की ते अन्नालाच चिकटतं. म्हणून पोट रिकामं हवं, जेवणाआधी एक तास. आणि दुसरी गोळी चालू असेल तर दोहोंमध्ये किमान दोन तास ठेवा. नाहीतर हे तिलाही धरून ठेवतं, अंगात जाऊ देत नाही." लेकीने ते शब्द न् शब्द वहीत उतरवून घेतलं होतं.

दुसरी गोळी म्हणजे फिटची. अकरा वर्षांपूर्वी बाबांना महिन्याभरात तीनदा फिट आली होती. तेव्हापासून सकाळी एक, रात्री एक. आई होती तोवर ती द्यायची, आई गेल्यावर बाबा स्वतः घेत. दात घासल्यासारखी ती गोळी घरात मुरून गेली होती. अकरा वर्षांत एकदाही फिट आली नव्हती.

लेकीने वेळापत्रक केलं. पहाटे पाचला फिटची गोळी. साडेसातला लेपाचं औषध, साडेआठला न्याहारी. दुपारी अडीचला लेप, साडेतीनला जेवण, कारण शेवटचं पान उठल्याशिवाय आचारी जेवत नाही. संध्याकाळी सातला लेप, आठला जेवण. रात्री साडेदहाला फिटची गोळी. सगळीकडे दोन तासांहून जास्त अंतर होतं. तिने कागद दोन प्रतींत लिहिला. एक फडताळावर लावला आणि एक बाबांच्या खिशात घातला. अठरा दिवस बाबांनी तो तंतोतंत पाळला. आणि तरी पोटातली आग होती तिथेच होती.

एरवी तिने आणखी आठवडाभर वाट पाहिली असती. पण यंदा वाट पाहायला वेळ नव्हता. कॅन्टीन नव्या ठेकेदाराकडे गेलं होतं, आणि ठेकेदाराने एक व्यवस्थापक बसवला होता. भर उन्हाळ्यात, भट्ट्यांच्या वाफेत, तो गळ्यात टाय बांधून फिरायचा. स्वयंपाकघराने पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं टायवाला. त्याने भिंतीवर नोटीस लावली: दोन महिन्यांनी कारखान्याचे डॉक्टर सगळ्यांना तपासतील, ज्याला तब्येतीचा दाखला मिळेल तोच भट्टीवर. बाबांच्या नावापुढे दोन गोष्टी होत्या. पोटातली जखम भरलेली हवी. आणि फिटच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण बरोबर हवं, दहा ते वीसच्या मध्ये. ते तर दरवर्षी तपासत आणि दरवर्षी ते तेराच्या आसपास येई. त्याची काळजीच नव्हती. काळजी होती ती पोटाची.

"नाही मिळाला दाखला तर बटाटे सोलीन," बाबा म्हणाले होते. "सोलायला काय, कोणीही सोलतं."

तीन दिवसांनी रजा काढून लेक बाबांबरोबरच कारखान्यात गेली. काहीतरी सुटतंय, आणि ते घरात दिसत नाही म्हणजे तिकडे असणार, असा तिचा साधा हिशेब होता.

स्वयंपाकघर लांबट होतं. एका भिंतीला सहा भट्ट्या, मधल्या दोन मोठ्या, त्यांच्यावर साठ साठ लिटरचे टोप. समोरच्या भिंतीला सोलण्या-चिरण्याचं लांब टेबल, त्याच्या टोकाला एक मावशी कांदा चिरत बसलेल्या. त्या बाबांच्या बरोबरीनेच इथे लागलेल्या. खालची फरशी कायम ओली. लेक पिंपाच्या कडेला स्टूल ओढून बसली.

साडेसहाला बाबांनी पहिला टोप चढवला. पाऊण तासाने पळीने थोडा रस्सा काढून स्टीलच्या छोट्या वाटीत ओतला, फुंकला, प्यायला. चिमूटभर मीठ टाकलं. पुन्हा वाटी. दुसऱ्या टोपातून एक वाटी. साडेसातला हात धुतले, कपाटातून बाटली काढली, झाकणात बरोबर दहा मिली मोजलं, घेतलं, तोंड पुसलं आणि लेकीकडे बघून भुवई उडवली. बघ, कसा वेळेवर.

तिने वहीत तोवर तीन रेघा ओढल्या होत्या.

"काय लिहितेस गं?" मावशींनी विचारलं. "आमचा पगार कापायला तुला बसवलीय की काय?"

"बाबा किती वेळा चाखतात ते."

"त्याला काय वही पुरायचीय?"

साडेबाराला पानं वाढायला सुरुवात झाली तेव्हा सत्तावीस रेघा झाल्या होत्या. तिने ती वाटी उचलली, पाण्याने नेहमीच्या उंचीपर्यंत भरली आणि औषधाच्या झाकणाने मोजली. पंधरा मिली. सत्तावीस गुणिले पंधरा, चारशे पाच.

गर्दी ओसरल्यावर ती बाबांपाशी गेली. "सकाळपासून किती वेळा खाल्लंत?"

"एकदा. पाव आणि चहा, साडेआठला. तुझ्यासमोर."

"सत्तावीस वेळा खाल्लंत."

"ते चाखणं."

"पोटाला काय माहीत चाखणं कुठलं आणि खाणं कुठलं?"

"ऐका," मावशी हसल्या. "अगं, ते खाणं असतं तर उस्ताद सव्वीस वर्षांत दारातून आत मावले नसते."

चिरणारे, घासणारे, सगळेच हसले. लेक हसली नाही. अठरा दिवस तिने मांडलेलं गणित एका वाटीने उधळून लावलं होतं, आणि जो उधळत होता तो प्रामाणिकपणे सांगत होता की मी काही खाल्लंच नाही. साडेसातला औषध पोटात जायचं तेव्हा आत रस्सा भरलेला असायचा. लेप बसत होता तो रश्शावर.

"चाखा आणि थुंका मग."

बाबांनी पळी खाली ठेवली. "चाखून थुंकणाऱ्या आचाऱ्याच्या हातचं कोण खाईल? ज्यांनी मला शिकवलं ते सांगायचे, घोटभर पोटात गेल्याशिवाय रस्सा बोलत नाही. जिभेवर नुसतं मीठ कळतं."

"मग जखम तशीच राहू दे."

"हळू बोल."

"का हळू बोलू? रिकाम्या पोटी म्हणजे रिकाम्या पोटी. शाळेतल्या पोराला कळतं. साठीला आलात, आणि मी खातो की चाखतो हे तुम्हाला मी वहीत मोजून दाखवायचं?"

आता कोणी हसत नव्हतं. वाढपाच्या खिडकीपाशी टायवाला येऊन उभा होता. तो नुसता बघत होता. बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सव्वीस वर्षांत या खोलीत त्यांच्यावर कोणी आवाज चढवला नव्हता.

त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "तूच लिहिलंस हे. यात चाखण्याचं कुठे काय आहे? मी यातला एक शब्द मोडलेला नाही."

"चुकीचाच आहे तो कागद." तिने तो त्यांच्या हातातून घेतला, चुरगळला आणि सालांच्या बादलीत टाकला. "संध्याकाळी घरी रांधतानाही चाखताच. तुमचं पोट दिवसातून तीनदाच खरं रिकामं असतं. पहाटे उठता तेव्हा, दुपारी अडीचला आणि रात्री निजताना. त्या तीन वेळा लेपाचं औषध घ्या. बाकी काही बघू नका."

"बरं," बाबा म्हणाले.

घरी आल्यावर तिने फडताळावरचाही कागद काढला. नवा लिहायचा होता. पण बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत, तीही बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी बोलणं सुरू झालं तेव्हा तो रुसवा पुन्हा उकरायला नको म्हणून कागदाचा विषय तिने काढला नाही. तसंही तीनच वेळा होत्या. त्यासाठी कागद कशाला?

सातव्या दिवसापासून पोटाकडे जाणारा हात कमी झाला. तिच्या वहीत दिवसाला आठच्या जागी पाच, मग तीन, मग एक. महिन्याभरात बाबा रात्री सलग झोपू लागले. सकाळची गडबड तिला दिसत नसे. ती उठायची तेव्हा बाबा केव्हाच गेलेले असत. रात्रीचं मात्र ती स्वतः करायची. साडेदहाला त्यांच्या उशाशी पाण्याचा पेला ठेवायची, झाकणात दहा मिली मोजून द्यायची आणि पट्टीतून फिटची गोळी काढून तळहातावर ठेवायची. आधी लेप, मग गोळी, एकाच पेल्यातल्या पाण्याने. दोन मिनिटांत आटपायचं. मग दिवा मालवून ती आपल्या खोलीत जायची.

आठ आठवडे पुरे झाल्यावर पुन्हा दुर्बीण घातली. जखम भरली होती. अहवालात व्रणाच्या आकारासमोर शून्य होतं आणि खाली एक ओळ, जुना फिकट वण दिसतो.

"बाराचं शून्य केलं आमच्या मीटरने," बाबांनी स्वयंपाकघरात सगळ्यांना सांगितलं. मावशींना तर दोनदा सांगितलं. "भर भटारखान्यात बापाची लाज काढली, पण बरं केलं म्हणायचं."

"तुम्हाला कोणी ओरडलं नाही ना इतकी वर्षं," मावशी म्हणाल्या, "म्हणून जखम झाली होती."

ही गोष्ट मंगळवारची. दाखल्याची तपासणी पुढच्या सोमवारी होती.

शनिवारी सकाळी बाबा घरीच होते. आरशासमोर स्टुलावर बसून दाढी करत होते. लेक टेबलाशी बसून कपड्याला गुंडी लावत होती. दाढीच्या पाण्याचा कप पडून फुटल्याचा आवाज आला. तिने मान वर केली तर बाबांची मान एका बाजूला ओढली गेली होती, अर्ध्या चेहऱ्यावर साबण, अर्धा कोरा. स्टूल सरकलं आणि ते खाली आले.

तिने घड्याळ बघितलं. ती सवयच होती, तिला त्याची लाज वाटायला नंतर वेळ मिळाला. वस्तरा लाथेने दूर केला, बाबांना कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपली ओढणी दुमडून घातली. हातपाय आवळत होते, सुटत होते. तोंडात काही घातलं नाही, धरून ठेवलं नाही. एक मिनिट पन्नास सेकंद. मग अंग सैल पडलं आणि घोरल्यासारखा श्वास सुरू झाला.

"किती वाजले?" बऱ्याच वेळाने बाबांनी विचारलं. "उशीर झाला का?"

"आज सुट्टी आहे, बाबा."

ते पुन्हा झोपले. फरशीवरचे तुकडे आणि साबण पुसता पुसता तिची नजर मोरीच्या कट्ट्यावर गेली. तिथे लेपाच्या औषधाचं झाकण होतं, आतून अजून पांढरं आणि ओलं. त्याला चिकटून फिटच्या गोळीच्या पट्टीचा फाटका चंदेरी तुकडा.

ती तिथेच बसली. मनात एक एक वेळ मांडू लागली. पहाटे पाच, लेप. पहाटे पाच, गोळी. रात्री साडेदहा, लेप. रात्री साडेदहा, गोळी. पहाटेचं बाबांनी केलं होतं, तिने सांगितलं म्हणून. रात्रीचं तिने स्वतःच्या हाताने.

डॉक्टरीण बाईंना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं. "दोन तास ठेवायला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना? तुम्ही लिहून घेतलं होतंत."

"हो."

"किती दिवस एकत्र घेताहेत?"

"एकोणचाळीस."

"जखम भरली आहे, तेव्हा लेप आजपासून बंद. फिटची गोळी आहे तशीच, वेळेवर. त्यांच्या फिटच्या डॉक्टरांना आजच कळवा. आणि त्यांना आगीजवळ जाऊ देऊ नका."

फिटच्या डॉक्टरांनी बुधवारची वेळ दिली. तोवर एकटं सोडू नका म्हणाले.

दुपारी बाबा उठून बसले. जीभ चावली गेली होती, शब्द जड येत होते. तिने सगळं सांगितलं, काही न लपवता. त्यांनी ते रश्शाची खोट ऐकावी तसं ऐकलं, मान खाली घालून.

"म्हणजे सोमवारी आकडा कमी येणार."

"हो."

"किती कमी?"

"सांगता येत नाही. या औषधाचं गणित सरळ नाही. पाचवा हिस्सा अंगात गेला नाही तरी आकडा निम्म्यावर येऊ शकतो."

"आता बरोबर घ्यायला लागलो तर?"

"दोन आठवडे लागतील. कदाचित तीन."

बाबा खिडकीतून बाहेर बघत राहिले. खाली गल्लीत कोणीतरी सायकलची साखळी बसवत होतं, ती पुन्हा पुन्हा निसटत होती.

"आजची ही गोष्ट तुझ्या-माझ्यात," ते म्हणाले. "घरातलं घरात."

तिने त्यांच्या उशाशी पाण्याचा पेला ठेवला.

"आणि एक विचारतो. तू त्या विषयातली. आज आणि उद्या मिळून चार-सहा गोळ्या जास्त घेतल्या, तर सोमवारी आकडा वर नाही का यायचा?"

तिला खोटं सांगता आलं असतं. "येईल," ती म्हणाली.

"मग झालं."

"नाही झालं. एकदम जास्त घेतली तर चक्कर येते, तोल जातो, नको तितकी चढली तर दवाखान्यात न्यावं लागतं. आणि आकडा वर आला तरी तो एका दिवसाचा. मंगळवारी तुम्ही भट्टीवर असाल आणि अंगात औषध नसेल. साठ लिटरचा टोप, बाबा. कडेवर झुकून पळी घालता तुम्ही."

"सव्वीस वर्षं घालतोय."

"मी नाही करू देणार."

बाबांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. त्यांचा आवाज चढला नाही. "अख्ख्या गावाच्या नळांचं पाणी पास करतेस. बापाचं रक्त तेवढं नापास?"

"जे नापास असतं ते मी नापासच लिहिते."

"आणि हे नापास केलं कुणी?"

"मी."

"मग?" ते म्हणाले. "चूक तुझी आणि भट्टीवरून उतरायचं मी. छान मोजमाप आहे तुझं."

तिने गोळ्यांच्या पट्ट्या टेबलावरून उचलल्या आणि आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. संध्याकाळी एक काढून दिली, रविवारी सकाळी एक, रात्री एक. बाबा तळहात पुढे करत, गिळत आणि हात मागे घेत. रविवारी दिवसभरात ते तिच्याशी एकच वाक्य बोलले. रश्शात मीठ जास्त झालंय.

सोमवारी ती बरोबर गेली. कारखान्याचा दवाखाना फाटकाजवळच्या दोन खोल्यांत होता. बाहेर बाकावर स्वयंपाकघरातले चार जण रांगेत बसले होते. टायवाला हातात यादी घेऊन येरझारा घालत होता. लेक उठून त्याच्यापाशी गेली.

"बाबांची रक्ततपासणी दोन आठवड्यांनी केली तर चालेल का?"

"का?"

"पोटाचं औषध चालू होतं. त्याने मधल्या काळात दुसऱ्या गोळीवर परिणाम झाला असेल. दोन आठवड्यांत सगळं पूर्ववत होईल."

टायवाल्याने यादी खाली केली. तो उर्मट नव्हता, तेच वाईट होतं. "ताई, मला नीट समजू द्या. तुम्ही म्हणताय, त्यांच्या अंगात सध्या फिटचं औषध पुरेसं नाही. आणि गेले काही दिवस ते आमच्या भट्टीवर उभे आहेत."

"तसं मी म्हटलं नाही."

"मग तारीख बदलायचं कारण काय लिहू?"

ती बाकावर परत आली. बाबांनी सगळं ऐकलं होतं. ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण."

आत कारखान्याचे डॉक्टर म्हातारे, सावकाश लिहिणारे. दहा वर्षं तेच बाबांना तपासत होते. दुर्बिणीचा अहवाल त्यांनी वाचला आणि मान डोलावली. "वा. पोट तर नव्यासारखं झालं. वर्षभरात फिट?"

"नाही," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी चष्म्यावरून लेकीकडे बघितलं. घरच्यांनाही विचारायची पद्धत होती. "घरात कधी? झोपेत वगैरे?"

बाबांचा हात मांडीवर होता, बोटं उघडी. सव्वीस वर्षांच्या वाफेने त्या हातावरचे केस गेलेले होते. लेकीने त्या हाताकडे बघितलं, मग टेबलावरच्या रिकाम्या नळीकडे.

तिने मान हलवली. नाही.

डॉक्टरांनी तेही लिहिलं. मग परिचारिकेने बाबांच्या दंडाला रबरी पट्टा बांधला, शीर पाहिली आणि सुई घातली. नळी भरायला अकरा सेकंद लागले.

अहवाल बुधवारी येणार होता. तोवर भट्टीवर नाही, असं टायवाल्याने सांगितलं, सगळ्यांदेखत, अगदी नम्रपणे. बाबा टेबलाकडे वळले. मावशींनी सरकून जागा केली आणि दुसरी सुरी पुढे ठेवली. मोठ्या भट्टीवर शेजारच्या भट्टीवरचा माणूस आला. त्याने चाखलं, मीठ घातलं, पुन्हा चाखलं आणि वळून उस्तादांकडे बघितलं. बाबा खाली मान घालून बटाटा सोलत होते.

"मीठ कसंय विचारतोय तो," मावशी म्हणाल्या.

"मला काय विचारतो? मी काही खाल्लेलं नाही."

बुधवारी लेक प्रयोगशाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आली. बाबांना तिथूनच फिटच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. पाकीट फाटकावरच्या दवाखान्यात तिच्या हाती पडलं. तिने ते स्वयंपाकघरात नेलं आणि बाबांपुढे धरलं. बाबांचे हात ओले होते. "तूच वाच," ते म्हणाले. "तुझंच काम आहे ते."

तिने पाकीट उघडलं आणि वाचलं. नाव. वय एकोणसाठ. नमुना सोमवारी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी घेतला. औषधाचं रक्तातलं प्रमाण, अपेक्षित दहा ते वीस मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटर. आढळलं सहा पूर्णांक चार.